दगडावर जागा नाही

आमच्या गावात कुत्रंसुद्धा चालायला लागलं की आधी डावा पाय उचलतं. म्हशी धारेला उभ्या राहतात त्या सावधानमध्ये. कोंबड्यानं बांग द्यायला उशीर केला तर बायका त्याला विचारतात, "का रं, सुट्टी मंजूर करून आलास काय?" हे मी वाढवून सांगतोय असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा येऊन बघावं. गाव सापडायला सोपं आहे. सातारा जिल्हा संपता संपता आणि सांगली जिल्हा लागता लागता मधे जो ऊस संपतच नाही, त्या उसाच्या पोटात आहे. माझ्या रानाचा एक बांध साताऱ्यात, दुसरा सांगलीत. ट्रॅक्टर वळवला की जिल्हा बदलतो.

घरटी एक माणूस पलटणीत, हा आमचा रिवाज. पोरगं जन्मलं की सुईण त्याचं तोंड बघायच्या आधी छाती मोजायची, असं माझी आई सांगायची. आई कधी खोटं बोलत नसे. खोटं बोलायचा गुण मी बाहेरून मिळवला.

वेशीत एक काळा दगड उभा आहे, पुरुषाच्या वर हातभर उंच. त्याच्या माथ्याला गोऱ्या साहेबानं बसवलेली पाटी : ह्या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. नावं नाहीत. साहेबाला आमची नावं उच्चारायला जड जात असावीत. नावं कोरायला गावानंच सुरुवात केली, स्वराज्य आल्यावर. चीनची लढाई, पाकिस्तानच्या दोन, मग कारगिल. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेतलं झेंडावंदन उरकलं की सगळं गाव दगडापाशी येतं. हेडमास्तर एकेक नाव पुकारतात, आणि त्या घरचं कुणीतरी छाती पुढं काढून ओरडतं, "हजर!" मेलेल्या माणसांची हजेरी. पाहुण्याला पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. दुसऱ्या नावाला ते हसू जातं.

त्या दगडावर एक नाव नव्हतं. माझ्या दोस्ताचं. ते नाव मी इथंही लिहिणार नाही. ह्या लिखाणात मी कुणाचंच नाव घालत नाही. चार घालायची आणि एक गाळायचं, हे काय असतं ते आम्ही लय वर्षं बघितलंय.

आम्ही दोघं एकाच भरतीत उभे राहिलो, एकाच पलटणीत गेलो आणि मिसरूड नीट फुटायच्या आत श्रीलंकेत उतरलो. जाताना सांगितलं होतं, तुम्ही शांती घेऊन चाललाय, दोघांचं भांडण सोडवायला. आता आमच्या गावात भांडण सोडवायला गेलेल्याचं डोकं सगळ्यात आधी फुटतं, हे आम्हाला पाळण्यापासून ठाऊक होतं. पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तिथं उतरलो तर एका बाजूचे म्हणायचे निघा, दुसऱ्या बाजूचेही म्हणायचे निघा. भांडणाऱ्या दोघांचं एवढंच काय ते जमलं होतं. इकडं आपल्या देशातही लोक म्हणत होते, पोरं परत आणा, ही लढाई आपली नव्हं.

आम्ही परत आलो तेव्हा ढोल वाजला नाही, गुलाल उडाला नाही. मी मिरजेला रेल्वेतून उतरून एस.टी.त बसलो. कंडक्टरनं विचारलं, "सुट्टी का?" मी म्हटलं, "व्हय." लढाई संपली. दोस्त तिकडंच राहिला होता.

आता ढोल वाजलाच नाही म्हटल्यावर तो मीच वाजवायला घेतला. देवळाच्या पारावर बसून मी दोस्ताच्या मरणाची गोष्ट सांगितली. एकट्यानं तीस जण लोळवले. गोळ्या सरल्यावर बंदुकीचा दस्ता, दस्ता मोडल्यावर बूट, बूट फाटल्यावर नुसत्या मुठी. मी त्या वेळी कुठं होतो असं एका शहाण्यानं विचारलं, तर मी मगरीच्या पाठीवर बसून खाडी ओलांडत होतो. दरवर्षी जत्रेला ती गोष्ट थोडी थोडी वाढत गेली. पहिल्या वर्षी मगर सहा हात होती. हल्ली ती पुलाएवढी आहे.

दोस्ताच्या आईला मी काकी म्हणतो. घर माझ्या घरामागं. नवरा आधीच गेलेला, हा एकच मुलगा. पहिल्या पंधरा ऑगस्टला तिनं मला बोलावून सांगितलं, "म्या न्हाई येनार दगडापाशी. माज्यानं ऐकवनार न्हाई. तू जातूयास न्हवं? त्येचं नाव पुकारलं की तूच म्हन हजर."

मी गेलो. कडक इस्त्री करून गेलो. नावं पुकारून संपली. ह्याचं नाव आलंच नाही. मी थोरामोठ्यांना गाठलं तर ते म्हणाले, बघू पुढल्या खेपेला, दगडावर जागा नाही. आमच्याकडं झेंड्याच्या दिवशी घरोघरी जिलेबी असते. ती पुडी घेऊन मी काकीच्या दारात उभा राहिलो.

"पुकारलं?"

"पुकारलं की. म्या असा हजर ठोकला, झाडावरचं कावळं उडालं."

ती जिलेबी खाताना तिचा चेहरा मी बघितला. पहिल्यांदा खोटं बोललो ते त्या चेहऱ्यासाठी. दुसऱ्यांदा बोललो ते पहिलं उघडं पडू नये म्हणून. पुढं अंगवळणी पडलं. वर्षातनं दोनदा जिलेबी, वर्षातनं दोनदा कावळे. गावाला सगळं माहीत होतं. पुडी घेऊन मी बोळातनं निघालो की माणसं माझ्याकडं बघायची आणि मग पटकन दुसरीकडं बघायची. आमचं गाव बोलायला लागलं तर ऐकवत नाही. पण गप्प बसायचं ठरवलं तर अख्खं गाव मिळून गप्प बसतं.

असं पस्तीसेक वर्षं चाललं. मग गेल्या उन्हाळ्यात काकीच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. मिरजेला. मीच नेलं, मीच आणलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. काकी आली. दवाखान्यात दिलेला काळा चष्मा लावलेला, काखेत काठी. दरोडा घालायला आल्यासारखी दिसत होती.

"दगडापासनं आल्ये," ती म्हणाली.

माझ्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

दोस्ताची काळी पत्र्याची ट्रंक पलटणीनं घरी पाठवली होती. भरतीला जाताना त्यानं गावातल्याच रंगाऱ्याकडनं तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहून घेतलं होतं, मराठीत. काकीला वाचता येत नाही. पण डोळे नवे झाल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर ती ट्रंक माळ्यावरनं उतरवून घेतली आणि दोन दिवस त्या अक्षरांकडं बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिला ती तोंडपाठ झाली. चौथ्या दिवशी ती दगडाकडं गेली.

"पयलं अक्षर काठी टेकलेल्या म्हाताऱ्यावानी हाय," ती बोटानं हवेत काढून दाखवायला लागली. "मदलं पोटुशी बाईवानी. आनि शेवटचं, श्याप वर क्येलेल्या वासरावानी. सगळा दगूड बघितला म्या. वरनं खाली. म्हातारं दोन गावलं. पोटुशी येक हाय. वासरू कुटंबी न्हाई."

मी चूळ भरली. दुसरी भरली. तिसरी भरायला पाणी उरलं नाही.

"काकी, त्याचं असं झालं..."

"जिलेबी कशाची खाल्ली रं म्या?"

ह्या प्रश्नाला मी आजवर उत्तर शोधतोय. मला मगरीची लांबी विचारा, पलटणीतल्या खेचरांची नावं विचारा, मी रात्रभर सांगीन. 

"त्यांनी घातलंच न्हाई नाव," मी म्हटलं. "जागा न्हाई म्हणाले."

"मग तू काय करत व्हतास?"

"खोटं बोलत व्हतो."

"त्ये ठावं हाय मला. त्ये सोडून काय करत व्हतास?"

एवढं बोलून ती पायरीवर बसली. चष्म्याआडून रडत होती की नाही ते दिसलं नाही. काठी आपटून म्हणाली, "म्या किती वरीस हाय आता? ह्या पंदरा आगस्टाच्या आत त्येचं नाव दगडाव पायजे. न्हाईतर तू परत माज्या दारात पाय टाकायचा न्हाईस. मी म्येल्याव खांद्यालाबी येऊ नगंस."

ह्यात गंमत नव्हती. काकी बोलली की ते दगडावर न कोरताही कोरलेलं असतं.

दगडाचं सगळं एक समिती बघते. समितीचा अध्यक्ष माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. चुलत्याचं नाव दगडावर. हाही आमच्याबरोबर भरतीला उभा होता. छाती बोटभर कमी पडली. त्या बोटाचा राग त्यानं आयुष्यभर देशाच्या शत्रूवर काढला आहे. मोबाइल उघडला की रणगाडा दिसतो. सीमेवर जरा कुठं धूर निघाला की हा इथं उसाच्या फडात उभा राहून व्हिडिओ काढतो, 'आता घुसायचंच!' घुसायला माणूस कुठला? तर आमच्या गावचा.

मी ट्रंकेतला पलटणीचा जुना कागद पुरावा म्हणून बरोबर घेतला आणि पंचायतीच्या कचेरीत गेलो.

"जागा न्हाई गड्या दगडाव," अध्यक्ष म्हणाला.

"खाली हातभर मोकळं हाय की."

"तितं सुशोभीकरण समितीची नावं याची हैत. ठराव झालाय."

"म्हंजे ज्यानं फरशी बसवली त्याला जागा हाय, आनि ज्यानं जीव दिला त्याला न्हाई?"

"हे बघ, भावना म्हणून ठीक हाय. पर ती काय लढाई न्हवती. शांतिसेना व्हती."

"मग त्यो मेला कशानं? शांतीनं?"

तो माझ्या हातातला कागद घेऊन वाचायला लागला. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला माझी चूक कळली. तो कागद मी पस्तीस वर्षांत उघडला नव्हता. माझी गोष्ट मला इतकी पाठ झाली होती की खरं काय लिहिलंय ते मी विसरून गेलो होतो. कागदात खरं तेच होतं.

"'विहिरीवरून पाणी आणण्यास गेला असता सुरुंगाच्या स्फोटात,'" त्यानं मोठ्यानं वाचलं. "आं? तीस लोळवलं कुटं गेलं? दस्ता कुटं गेला? पाणी शेंदताना गेलेला मानूस मी माज्या चुलत्याशेजारी बसवू व्हय? आनि साक्षीला कोण, तर तू. मगरवाला." मग त्यानं कागद माझ्या खिशात घातला. "येत्या गावसभेत ये. बोल सगळ्यांम्होरं. गाव म्हणंल तसं."

त्याला ठाऊक होतं, गाव माझ्यावर हसणार. माझ्या तोंडाला आजवर तोच धंदा होता.

गावसभेला अशी गर्दी जमली की पंचायतीसमोरचं पिंपळाचं झाडसुद्धा थोडं मागं सरकून उभं होतं. मी बोलणार म्हटल्यावर लोक शेंगा घेऊन आले होते. पुढच्या ओळीत बायका, त्यांत काकी, काळा चष्मा लावून. मागं बाकावर आम्ही रिटायर गडी. एवढी माणसं समोर बघून माझ्या जिभेला सवयीनं खाज सुटली. म्हटलं, चाळीस करावेत. तीसवरनं चाळीस केले तर एखादा ठराव पास होईल.

मग काकीकडं बघितलं आणि सांगायला लागलो.

सांगितलं की आमची तुकडी एका खेड्याच्या कडेला होती. शेजारी एक म्हातारी राहायची, एकटी. तिचा आमच्यावर भारी राग. रोज सकाळी दारात उभी राहून झाडू उगारायची आणि तिच्या भाषेत शिव्या घालायची. आम्हाला भाषा कळत नव्हती, पण शिव्या कळायला भाषा लागत नाही. तिच्या हाताची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. घागर धरवायची नाही. माझा दोस्त रोज तिची घागर उचलायचा आणि विहिरीवरनं भरून आणून ठेवायचा. ती शिव्या घालायची, हा म्हणायचा, "व्हय काकी." ती आणखी घालायची. हा म्हणायचा, "बराय काकी, उद्या येतो."

त्या दिवशी मी दाढी करत होतो. एका गालाला साबण होता. तो घागर घेऊन निघाला, माझ्याकडं बघून म्हणाला, "तुजी दाढी व्हईस्तवर येतोच." वाटेत कुणीतरी सुरुंग पुरला होता. कुणी, ते कधी कळलं नाही. आवाज झाला. मी पळत गेलो. ती म्हातारी माझ्याआधी पोचली होती. ती खाली बसली आणि रडायला लागली. ते रडणं मात्र मला शब्दन् शब्द कळलं.

"तीस न्हवते," मी म्हटलं. "एकबी न्हवता. एक घागर व्हती."

शेंगा फोडायचा आवाज कधी थांबला होता ते मला कळलं नाही.

कुणीतरी मागून विचारलं, "मग आतापातूर सांगितलंस त्ये?"

"खोटं. मला वाटलं, पाणी शेंदताना मेला म्हटलं तर तुमी त्याला हलका समजाल. आनि बघा, समजताच की."

तेवढ्यात काकी उठली. काठी टेकत पुढं आली. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत चपलेनं मारते. मी गालही पुढं केला. तिनं विचारलं, "पानी शेंदत व्हता?"

"व्हय."

"कुनाला मारलं न्हाई त्येनं?"

"न्हाई काकी."

ती तिथंच मटकन खाली बसली. "तीस मानसं मारली म्हनून सांगत व्हतास तू पारावर. जत्रंत सांगत व्हतास. लोक टाळ्या वाजवायचं. आनि म्या घरात पडल्या पडल्या त्या तीस आया मोजायची. कोन आसतील, काय करत आसतील. पस्तीस वरीस मोजत्ये रं." मग चष्मा काढून तिनं पदरानं डोळे पुसले, डॉक्टरनं सांगितलं होतं, पाणी लागू द्यायचं नाही. "पानी शेंदायला म्याच शिकवलं त्येला. हातभर व्हता तवापासनं. त्यो माजाच हाय."

इथं खरं तर सभा संपायला पाहिजे होती. पण अध्यक्षाला माईक सोडवत नाही. तो म्हणाला, काकींच्या भावना सगळ्यांच्याच आहेत, पण दगड शूरांचा आहे, लढाईत पडलेल्यांचा आहे, उद्या कुणीही उठेल आणि...

मग मात्र माझी ती नेहमीची जीभ कामाला आली. मी म्हटलं, "तुझा चुलता कशानं गेला रे अध्यक्षा? छावणीत, काविळीनं. आम्ही दरवर्षी त्याच्या नावाला टोपी काढतो, काढलीच पाहिजे; गेला तो पलटणीतच गेला. काविळीला जागा हाय आनि पाण्याला न्हाई? आनि ही लढाई आपली न्हवती म्हंतोस, तर दगडाच्या डोक्यावर बघ. तुजा-माजा पणजा कुणाच्या लढाईला गेला व्हता? गोऱ्या राजाच्या! त्याला कुणी इचारलं व्हतं, ही लढाई तुला पसंत हाय का? लढाई निवडनारा येगळा असतोय आनि जानारा येगळा. ज्यानं निवडली त्याला नावं ठेवा, मी म्होरं येतो तुमच्या. पर जो गेला, त्याचं नाव गाळून तुमी कुनाला शिक्षा देताय?"

बाकावरचे आमचे सगळ्यात म्हातारे सुभेदार उठले. एकाहत्तरची लढाई बघितलेला माणूस, वर्षातनं चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्यांनी त्या दिवशी खर्चलं. "नाव न्हाई लागलं, तर झेंड्याला माजं मेडल मी पेटीतनं काडनार न्हाई." खाली बसले. बाकावरनं एकेक मान हलली. आम्ही बाकावर बावीस जण होतो. मी दोनशे सांगणार होतो, पण खरं सांगायची सवय लागायला लागली आहे.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा पंधरा ऑगस्टनंतर. अध्यक्ष काही कच्चा नाही.

पण आम्हीही पलटणीत नुसत्या चपात्या खाल्ल्या नव्हत्या. रात्री गुपचूप कोरलं असतं तर ती चोरी झाली असती. म्हणून मी बाजाराचा दिवस धरला. भर दुपारी, वेशीत पाय ठेवायला जागा नाही, भाजीवाल्या, मेंढरं, टमटम, अशा वेळी मी पाथरवटाला घेऊन दगडापाशी गेलो. तो म्हणाला, नाव लिहून द्या. मी लिहून द्यायला लागलो तर काकीनं माझा हात बाजूला केला. तिनं ट्रंकेचं झाकण उचकटून डोक्यावरनं आणलं होतं. ते दगडाला टेकवून म्हणाली, "ह्ये बघ. हितलं म्हातारं हितं. वासराची श्याप जरा वर घे. रंगाऱ्यानं तशीच काडलीया."

छिन्नीचा पहिला घाव पडला आणि बाजार थांबला. मेथीची जुडी हातात धरलेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या. समितीच्या नावांसाठी राखलेल्या हातभर जागेत, बरोबर मधोमध, पहिलं अक्षर उमटायला लागलं.

अध्यक्ष धावत आला तो एका पायात चप्पल घालून.

"गावच्या मालमत्तेला हात लावलाय! गुन्हा दाखल करतो!"

"कर," मी म्हटलं. "पर फिर्यादीत काय कोरलं त्ये लिवावं लागंल. त्याचं पुरं नाव लिवावं लागंल तुला. तुज्या हातानं."

तो थबकला. खरंच थबकला. पण मागं हटला तर तो अध्यक्ष कसला? फिर्याद झाली. त्या दिवशी माझ्या दोस्ताचं नाव दगडावरही लागलं आणि सरकारी कागदावरही. तारखा अजून पडतात. मी जातो. प्रत्येक तारखेला विचारतात, हे कृत्य तुम्ही केलं का? मी प्रत्येक वेळी म्हणतो, व्हय साहेब, फक्त पस्तीस वर्षं उशिरा केलं.

आणि मग पंधरा ऑगस्ट आला. पाऊस थांबला होता. समितीनं ह्या वर्षी स्पीकर आणला होता, रस्त्याला झालरी लावल्या होत्या. काकी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हजेरीला दगडापाशी आली. पांढरं लुगडं, काळा चष्मा. बाकावरचे आमचे गडी आले, पण एकाच्याही छातीवर मेडल नव्हतं. सुभेदारांच्या कोटाला मेडलच्या जागी नुसतीच पिन होती. नाव दगडावर लागलं होतं ते आम्ही लावलं म्हणून; गावानं ते अजून तोंडानं घेतलं नव्हतं.

आमच्या शाळेला हल्ली हेडबाई आहेत. त्यांच्या हातात समितीनं यादी दिली होती. जुनीच. चीन, पाकिस्तान, पाकिस्तान, कारगिल. हजर, हजर, हजर. शेवटच्या नावाला त्याचा भाऊ ओरडला, आणि बाईंनी यादी मिटायला घेतली. पण मिटली नाही. त्यांची नजर दगडाच्या खालच्या कडेवर होती, नव्या कोऱ्या अक्षरांवर.

अध्यक्ष हळूच म्हणाला, "झालं बाई. राष्ट्रगीत."

मी पुढं झालो. कवायतीच्या मैदानावर मी हाक मारली की दोन मैलांवरची खेचरं थांबायची, हे खरं आहे, विचारा कुणालाही. त्या आवाजात मी दोस्ताचं नाव पुकारलं. नंबर, हुद्दा, नाव, गाव. सगळं.

सवयीनं माझंच तोंड उघडलं. पस्तीस वर्षं जो शब्द मी बोलल्याचं सांगत आलो तो बोलायला. काकीनं माझं मनगट धरलं.

"तू गप."

ती दोन पावलं पुढं गेली. दगडाकडं नाही, माणसांकडं तोंड करून उभी राहिली.

"न्हाई," ती म्हणाली. "हजर न्हाई त्यो. पाठवला तवा हजर व्हता. धडधाकट व्हता, दोन पायांव चालत ग्येला ह्याच येशीतनं. तुमी म्हन्लासा द्या, म्या दिला. आता पुकारतायसा तर खरं ऐका. त्यो आल्याला न्हाई."

अध्यक्षाला जे नेहमी सुचतं तेच सुचलं. त्यानं स्पीकर ओढला आणि मूठ उंच करून जयजयकार सुरू केला. एकदा, दोनदा, तीनदा. मागच्या पोरांनी साथ दिली, मग आवाज पातळ होत होत त्याचा एकट्याचाच उरला. काकी तशीच उभी होती. जयजयकाराला तिनंही हात जोडले होते.

घोषणा संपली. तिनं हात सोडले.

"झालं तुजं?" तिनं विचारलं. मग हेडबाईंकडं वळली. "बाई, लिवा. म्होरल्या खेपंलाबी पुकारा. म्या येत्ये. जवर म्या हाय तवर पुकारायचं, आनि जवर म्या हाय तवर म्या ह्येच सांगनार. लिवा, आल्याला न्हाई."

बाईंनी पेन काढलं.